एच-इंडेक्सच्या आधी नाव: वैद्यकीय संशोधकाचा सायटेशन-गोषवारा कसा तयार करावा

पुण्यातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात सहाय्यक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या डॉक्टरांसमोर, पीएचडीला नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसमोर किंवा ग्रंथालयात नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसमोर कधी ना कधी एक प्रपत्र येतेच. त्यावर ‘एकूण सायटेशन’, ‘एच-इंडेक्स’, ‘आय१०-इंडेक्स’ आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असे, शोधनिबंधांना इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून काढलेल्या आकड्यांचे रकाने असतात. हे आकडे कोणत्या स्रोतातून आणि कोणत्या तारखेचे घ्यायचे, हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेले नसते. मी वैद्यकीय ग्रंथालयात काम करते आणि प्राध्यापकांसाठी या आकड्यांचे गोषवारे तयार करणे हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. या कामात गणित अगदी थोडे आहे. वेळ जातो तो कोणता शोधनिबंध कोणाचा, हे ठरवण्यात, आणि तिथे घाई केली की पुढचे सगळे आकडे चुकतात. त्यामुळे या लेखात सर्वांत जास्त जागा त्याच पायरीला दिली आहे.

एखाद्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्या निबंधाच्या संदर्भसूचीत झाला की पहिल्याला एक सायटेशन मिळाले, इतकीच ही मूळ कल्पना आहे. अमेरिकेत यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’मध्ये ती मांडली आणि १९६०च्या दशकात ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू केला, तेव्हा त्यांचा मुख्य हेतू एका निबंधावरून त्याच्याशी संबंधित दुसऱ्या निबंधापर्यंत पोहोचण्याचा होता. माणसांना गुण देण्यासाठी ही मोजणी वापरण्याची सवय नंतर लागली. पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणींचे मूळ या बदललेल्या वापरात आहे.

सुरुवात करण्यापूर्वी हाताशी काय असावे

- संशोधकाने स्वतः दिलेली प्रकाशनांची पूर्ण यादी आणि शक्य तिथे प्रत्येक निबंधाचा डीओआय (कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक) व पबमेड या वैद्यकीय निबंध शोधण्याच्या संकेतस्थळावरचा पीएमआयडी क्रमांक.
- प्रत्येक निबंधाच्या पहिल्या पानाची पीडीएफ, कारण लेखकांचा क्रम, पत्रव्यवहारासाठीचा लेखक आणि संस्थेचे नाव तिथेच खात्रीने कळते.
- संशोधकाने आजवर वापरलेली नावाची सर्व रूपे.
- आजवर काम केलेल्या संस्था आणि तिथला कालावधी.
- ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक. सोळा अंकांचा हा क्रमांक २०१२पासून विनामूल्य मिळतो. नसेल तर आधी तो काढून घ्यावा.
- संस्थेच्या ग्रंथालयातून स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सायटेशन मोजणाऱ्या, वर्गणीच्या डेटाबेसचा प्रवेश आहे का, याची माहिती.
- एक एक्सेल फाइल, ज्यात एका निबंधासाठी एकच ओळ असेल.

१. आकडा कशासाठी मागितला आहे, हे आधी विचारा

पदोन्नती, पुरस्कार, संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव आणि संस्थेचे मूल्यांकन या चारही प्रसंगी मागणी वेगवेगळी असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२च्या शिक्षक पात्रता नियमांत पदोन्नतीसाठी ठरावीक सूचींमध्ये समाविष्ट असलेल्या जर्नलांतले निबंध आणि लेखकांच्या क्रमातले स्थान पाहिले जात असे. त्या निबंधाला सायटेशन किती मिळाले, याचा तिथे संबंधच नव्हता. २०२५मध्ये या विषयावर नवे नियम आले. त्यामुळे सहकाऱ्याच्या जुन्या फाइलवरून अंदाज बांधण्यापेक्षा आयोगाच्या संकेतस्थळावरील चालू राजपत्र वाचणे बरे. एच-इंडेक्स वाढेपर्यंत पदोन्नतीचा अर्ज थांबवून ठेवणारे प्राध्यापक माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांना कोणी तसे सांगितलेलेही नसते.

समितीने स्रोत सांगितला असेल तर तोच वापरा. सांगितला नसेल तर ई-मेलने विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा.

२. माणूस निश्चित करा

पबमेडमध्ये ‘पाटील एस’ किंवा ‘जोशी ए’ असा शोध घेतला तर येणारे निकाल एका माणसाचे नसतात, ते देशभरातल्या अनेकांचे असतात. पबमेडमध्ये लेखकाचे पूर्ण नाव साधारणपणे २००२नंतरच्या नोंदींमध्येच मिळते, तेही जर्नलने दिले असेल तरच. त्याआधीच्या निबंधांसाठी आडनाव आणि आद्याक्षरे यांवरच भागवावे लागते.

महाराष्ट्रात आणखी एक खास अडचण येते. आपल्या गुणपत्रिकेवर आणि पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. जर्नलचे सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दाला आडनाव समजते. उदाहरणादाखल ‘कुलकर्णी सुनीता माधव’ हे काल्पनिक नाव घेऊ. प्रमाणपत्रावरचे नाव जसेच्या तसे टाइप केले की पबमेडमध्ये लेखिका ‘माधव के एस’ होते, म्हणजे पतीचे नाव आडनाव ठरते आणि आडनाव आद्याक्षरात जाते. हीच व्यक्ती दुसऱ्या निबंधात ‘कुलकर्णी एस एम’, तिसऱ्यात ‘कुलकर्णी एस’ आणि विवाहापूर्वीच्या निबंधात वेगळ्याच आडनावाने असू शकते. त्यातच क्षीरसागर किंवा दीक्षित यांसारखी आडनावे रोमन लिपीत कधी ‘आय’ने तर कधी ‘डबल ई’ने लिहिली जातात. म्हणून संशोधकाला समोर बसवून ‘तुमच्या नावाने काय काय छापून आले आहे?’ असे विचारा आणि प्रत्येक रूपाचा स्वतंत्र शोध घ्या. महिला संशोधकांच्या बाबतीत विवाहापूर्वीच्या नावाचा शोध टाळला, तर कारकिर्दीची पहिली काही वर्षे हिशेबातून गळतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

संस्थेच्या नावावर विसंबून नोंदी गाळणे हा दुसरा सापळा आहे. बी. जे. मेडिकल कॉलेज पुण्यात आहे आणि अहमदाबादलाही आहे. केईएम रुग्णालय रास्ता पेठेत आहे आणि मुंबईत परळलाही आहे. दोन शहरांतल्या दोन वेगळ्या ‘देशपांडे ए’ यांचे निबंध एकाच प्रोफाइलमध्ये जाणे त्यामुळे सहज शक्य होते. शहराचे नाव तपासायचेच, पण जुन्या निबंधांत ‘पुणे’ऐवजी ‘पूना’ असते, तेव्हा दोन्ही शब्द शोधात घाला. संस्थेचे नाव कधी आद्याक्षरांत तर कधी ‘बैरामजी जीजीभॉय’ असे पूर्ण छापलेले असते, हेही ध्यानात ठेवा.

स्कोपस आपल्या संगणकीय पद्धतीने प्रत्येक लेखकाला एक ओळख-क्रमांक देते. नावाची रूपे जितकी जास्त, तितके एकाच माणसाचे क्रमांक जास्त होण्याची शक्यता. असे दोन-तीन क्रमांक आढळले तर स्कोपसच्याच ‘ऑथर फीडबॅक विझार्ड’ या सुविधेतून ते एकत्र करण्याची विनंती करता येते, आणि त्यासाठी वर्गणी लागत नाही. दुरुस्ती लगेच दिसत नाही, म्हणून अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. ओआरसीआयडीच्या पानावर ‘इतर नावे’ भरण्याची सोय आहे. तिथे सर्व रूपे टाकली आणि ते खाते स्कोपसशी जोडले की पुढचा गोंधळ बराच कमी होतो.

गूगल स्कॉलरमध्ये उलटा प्रकार होतो. प्रोफाइल उघडताना गूगल निबंधांचे गठ्ठे सुचवते आणि माणूस ‘सर्व स्वीकारा’ असे म्हणून मोकळा होतो. त्यानंतर यादी आपोआप अद्ययावत होऊ दिली की नामसाधर्म्याने दुसऱ्याचे निबंध येऊन बसतात. हृदयरोगतज्ज्ञाच्या प्रोफाइलमध्ये उसाच्या खोडकिडीवरचा निबंध दिसला तर हसू येते, पण निवड समितीतल्या सदस्याच्या नजरेला तो पडला तर उरलेल्या यादीवरचाही विश्वास उडतो. सेटिंगमध्ये जाऊन ‘बदल करण्यापूर्वी मला ई-मेल करा’ हा पर्याय निवडावा.

३. स्रोत निवडा आणि एकाच स्रोतावर राहा

गूगल स्कॉलर २००४मध्ये सुरू झाले, सर्वांना खुले आहे आणि त्याचे जाळे सर्वांत मोठे आहे. प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्यापूर्वीच ऑनलाइन ठेवलेला निबंध), पुस्तके, परिषदांचे गोषवारे असे सगळेच त्यात मोजले जाते, म्हणून तिथला आकडा जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा दिसतो. एल्सेव्हियरचे स्कोपस त्याच वर्षी आले. निवडलेल्या जर्नलांपुरतेच ते मर्यादित आहे आणि लेखकाचे थोडक्यातले पान वर्गणीविनाही पाहता येते. क्लॅरिव्हेटचे वेब ऑफ सायन्स हा गारफिल्ड यांच्या सूचीचा आजचा वारस. त्याची निवड आणखी कडक असल्याने आकडा बहुधा आणखी लहान येतो. तिन्ही आकडे वेगळे आले म्हणजे एखादा खोटा आहे असे नव्हे, प्रत्येकाने मोजलेला जर्नलांचा संच वेगळा आहे. मात्र एकूण सायटेशन गूगलचे आणि एच-इंडेक्स स्कोपसचा, असे एकाच प्रपत्रात भरणे म्हणजे विजेच्या मीटरचे आणि पाण्याच्या मीटरचे वाचन एकाच बिलात लिहिण्यासारखे आहे.

पबमेडबद्दल मोठा गैरसमज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे पबमेड हे शोधाचे साधन आहे, सायटेशन मोजण्याचे नाही. तिथे खाली दिसणारी ‘साइटेड बाय’ यादी अपुरी असते. शिवाय पबमेड, मेडलाइन आणि पबमेड सेंट्रल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडलाइन ही निवडलेल्या जर्नलांची सूची, पबमेड सेंट्रल हा पूर्ण निबंधांचा संग्रह आणि पबमेड हे या दोन्हींवर तसेच आणखी काही नोंदींवर शोध घेण्याचे दार. ‘माझे जर्नल पबमेडमध्ये आहे’ असे सांगणाऱ्याला ‘मेडलाइनमध्ये आहे का?’ असे विचारावे, कारण नियमांत सूचीचे नाव नेमके लिहिलेले असते.

आपल्या संस्थेत वर्गणी नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स हा खुला स्रोत आणि डायमेन्शन्सची विनामूल्य आवृत्ती कामाला येते. २०२५पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे शासकीय संस्थांना हजारो जर्नले वाचता येऊ लागली आहेत. ही योजना जर्नल वाचण्यासाठी आहे. तिच्यामुळे सायटेशनचे डेटाबेसही उघडतील असे गृहीत धरू नका, ग्रंथपालांना विचारा.

४. यादी साफ करा

प्रीप्रिंट आणि छापील निबंध वेगवेगळे मोजले गेले असतील तर एकत्र करा. शुद्धिपत्र, परिषदेतला गोषवारा आणि संपादकाला लिहिलेले पत्र यांना एक्सेलमध्ये ‘प्रकार’ या वेगळ्या रकान्यात नोंदवा, पण खोडू नका. मागे घेतलेला निबंध असेल तर तो स्पष्ट दाखवा.

मोठ्या गटाच्या निबंधांकडे मात्र थांबून पाहावे लागते. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या प्रकल्पाचे ‘लॅन्सेट’मधले निबंध शेकडो लेखकांचे असतात आणि त्यांना हजारोंनी सायटेशन मिळतात. अशा काही निबंधांत नाव असलेल्या तरुण डॉक्टरांचा एकूण आकडा त्यांच्या विभागप्रमुखांपेक्षा कितीतरी मोठा दिसतो. त्यांनी केलेले काम खोटे नसते, पण स्वतः आखलेल्या अभ्यासाचे श्रेय आणि या श्रेयाची बेरीज एकाच ओळीत देणे मला पटत नाही. मी दोन ओळी देते: गटनिबंधांसह आणि गटनिबंधांशिवाय. पबमेडमध्ये काही निबंधांत लेखक आणि सहयोगी यांची नावे वेगवेगळी नोंदलेली असतात. सहयोगी म्हणून नाव असेल तर ते लेखकत्व म्हणून मोजू नये.

कोविडच्या काळाचेही तसेच आहे. विषाणुशास्त्र, फुप्फुसविकार आणि साथरोगशास्त्रातल्या संशोधकांचा आलेख २०२०पासून एकदम चढतो. वर्षनिहाय तक्ता जोडला की वाचणाऱ्याला ते आपोआप कळते.

५. आता गणित करा

एच-इंडेक्स ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५मध्ये सुचवलेली मोजणी आहे. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाइतके किंवा जास्त आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा एका संशोधकाचे नऊ निबंध आहेत आणि त्यांची सायटेशन ६०, २२, १५, ९, ६, ६, ४, २ आणि ० अशी आहेत. सहाव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, सातव्याला मात्र ४च आहेत. म्हणून एच-इंडेक्स ६. एकूण सायटेशन १२४. गूगल स्कॉलरचा आय१०-इंडेक्स म्हणजे किमान १० सायटेशन असलेले निबंध. इथे ते ३.

याच यादीतल्या पहिल्या निबंधाला ६०ऐवजी ६०० सायटेशन मिळाली असती, तरी एच-इंडेक्स ६च राहिला असता. एका मोठ्या शोधाची या मोजणीला फारशी किंमत नाही, सातत्याला आहे. ही उणीव भरण्यासाठी लिओ एगे यांनी २००६मध्ये जी-इंडेक्स सुचवला, पण पुण्यातल्या कोणत्याही प्रपत्रात मला तो अजून दिसलेला नाही.

एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो आणि कधीच कमी होत नाही. निवृत्तीनंतरही तो चढत राहतो. म्हणून तीस वर्षे काम केलेल्या प्राध्यापकांशी पाच वर्षांच्या सहाय्यक प्राध्यापकाची तुलना करायची वेळ आलीच, तर एच-इंडेक्सला पहिल्या निबंधापासूनच्या वर्षांनी भागा. हर्श यांनी हाही मार्ग सांगितला होता. बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा, सेवाकाळातला ग्रामीण कालावधी असे खंड असतील तर ते तळटीपेत लिहा.

६. क्षेत्राचा विचार केल्याशिवाय तुलना करू नका

शरीररचनाशास्त्रात संशोधन करणारे लोक कमी, त्यांच्या संदर्भसूच्या आखूड आणि निबंध जुना होण्याचा वेग मंद. कर्करोगात याच्या अगदी उलट. त्यामुळे शरीररचनाशास्त्रातला एच-इंडेक्स १० आणि कर्करोगातला १० यांची किंमत सारखी नाही. एकाच विषयातही आढावा निबंधाला आणि उपचाराच्या मार्गदर्शक तत्त्वांना एकट्या रुग्णाच्या अहवालापेक्षा जास्त सायटेशन मिळतात.

यावर माझ्या मते वैद्यकीय संशोधकांना सर्वांत उपयोगी साधन म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थचे ‘आयसाइट’. ते विनामूल्य आहे. पीएमआयडी क्रमांकांची यादी तिथे टाकली की प्रत्येक निबंधाचा रिलेटिव्ह सायटेशन रेशो, म्हणजे आरसीआर मिळतो. त्या निबंधाबरोबर ज्यांचे संदर्भ एकत्र दिले जातात अशा निबंधांवरून त्याचे क्षेत्र ठरवले जाते आणि त्या क्षेत्राच्या अपेक्षेशी त्याची तुलना होते. त्या संस्थेने निधी दिलेल्या निबंधांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, १ धरलेला आहे. म्हणून आरसीआर २ म्हणजे त्या मापाच्या दुप्पट. कारकिर्दीसाठी सरासरीबरोबर मध्यकही द्या, कारण एकच गाजलेला निबंध सरासरी वर ओढतो. दोन मर्यादा सांगायला हव्यात: पबमेडबाहेरच्या जर्नलांतले निबंध इथे येतच नाहीत, आणि १ हे माप अमेरिकी निधीवर आधारलेले असल्याने पुण्यातल्या विभागाने स्वतःच्या खर्चाने केलेल्या अभ्यासाला ते जड जाते.

स्कोपसच्या गटात याच कामासाठी फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट आहे, तिथे १ म्हणजे जागतिक सरासरी. थोड्या निबंधांवर तो फार हेलकावे खातो.

‘जगातले अव्वल दोन टक्के’ या यादीबद्दल दरवर्षी विचारणा होते, आणि महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारावर अभिनंदनाचे फलकही लागतात. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांचा विचार करून काढलेला एच-इंडेक्स आणि एकट्याने, पहिल्या किंवा शेवटच्या स्थानी लिहिलेल्या निबंधांची सायटेशन अशा सहा घटकांतून ती बनते. लेखकांच्या क्रमाला तीत वजन आहे, ही तिची जमेची बाजू. तिचे दोन तक्ते असतात, संपूर्ण कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा. फलकावर कोणता आहे हे लिहिलेले नसते. तुमच्या गोषवाऱ्यात मात्र ते लिहा.

७. जर्नलचा आकडा माणसाच्या नावावर टाकू नका

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. २०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मधल्या मजकुराला २०२४मध्ये मिळालेली सायटेशन भागिले त्या दोन वर्षांतल्या मूळ व आढावा निबंधांची संख्या. पत्रे आणि संपादकीये यांना मिळालेली सायटेशन वर धरली जातात, पण खालच्या संख्येत ती येत नाहीत. शिवाय जर्नलातल्या थोड्या निबंधांनी बहुतेक सायटेशन मिळवलेली असतात, त्यामुळे बाकीचे निबंध त्या सरासरीच्या खालीच असतात. तरीही आपल्याकडे बायोडेटात ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाची बेरीज असते: ज्या ज्या जर्नलांत निबंध आले, त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र. या बेरजेला काहीही अर्थ नाही, आणि संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दल २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने व्यक्तीच्या मूल्यमापनात जर्नलचे आकडे वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. प्रपत्रात रकाना असेल तर भरावा लागेल. तेव्हा प्रत्येक निबंधासमोर त्या जर्नलचा आकडा आणि वर्ष लिहा, बेरीज करू नका.

खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’मध्येच असतो. जर्नलच्या संकेतस्थळावर ‘जागतिक’ किंवा ‘वैज्ञानिक’ असे विशेषण लावलेला भलताच इम्पॅक्ट फॅक्टर चमकत असेल, तीन दिवसांत स्वीकृतीचे आश्वासन असेल आणि शुल्क आधी मागितले असेल, तर तिथून दूर राहा. या विषयावरचे एक महत्त्वाचे काम पुण्यातच झाले आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवले की विद्यापीठांच्या शिफारशीवरून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या आणि इतरत्र सूचीबद्ध नसलेल्या, त्यांनी तपासलेल्या जर्नलांपैकी सुमारे ८८ टक्के जर्नले निकृष्ट असू शकतात. त्यानंतर आलेली ‘यूजीसी-केअर’ यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली. आता जर्नल तपासण्याची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली आहे, तेव्हा ‘केअरमध्ये आहे’ एवढ्या उत्तरावर थांबता येत नाही.

८. सायटेशन कोणी आणि कशासाठी केले, ते वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ला आला आणि २०१०मध्ये मागे घेतला गेला. त्याचे सायटेशन प्रचंड आहे आणि त्यातले पुष्कळसे त्याचे खंडन करण्यासाठी आहे. मोजणारे यंत्र खंडन आणि समर्थन सारखेच धरते.

स्वतःच्या निबंधाचा स्वतःच संदर्भ देणे वावगे नाही. दीर्घकाळ एकाच गटाचा अभ्यास करणाऱ्याला ते टाळताच येत नाही. स्कोपसमध्ये स्वतःची सायटेशन वगळून आकडा पाहता येतो. दोन्ही आकडे द्या. फरक फार मोठा असेल तर समिती विचारणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

उलट, काही प्रभाव मोजणीत पकडलाच जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्या छायाचित्रासह एका पानाचे टिपण प्रसिद्ध केले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३ होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही मधुमेहाच्या धोक्यात का असतो, हे समजावताना ते छायाचित्र आजही व्याख्यानांत दाखवले जाते. स्लाइडवर दाखवलेल्या छायाचित्राचे सायटेशन होत नाही, आणि फक्त ‘मूळ संशोधन’ मोजणाऱ्या प्रपत्रात अशा टिपणाला जागाही मिळत नाही.

म्हणून संशोधकाचे तीन-चार निबंध निवडा आणि प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहा: कोणत्या उपचार-मार्गदर्शक तत्त्वांत, कोणत्या पाठ्यपुस्तकात किंवा शासकीय दस्तऐवजात त्याचा उल्लेख आहे. आयसाइटवर चिकित्सेशी संबंधित निबंधांनी केलेली सायटेशन वेगळी दाखवली जातात, तिथून सुरुवात करता येते.

९. गोषवारा असा लिहा

वरच्या काल्पनिक संशोधकाचा गोषवारा असा होईल: ‘स्कोपस, ३० जून २०२५ रोजी पाहिल्यानुसार: निबंध ९, सायटेशन १२४, एच-इंडेक्स ६, स्वतःची सायटेशन वगळून सायटेशन १०९ आणि एच-इंडेक्स ५. पहिला निबंध २०१४. गटनिबंध नाहीत. नावाची दोन रूपे तपासली.’ त्याखाली निबंधांची एक्सेलमधली यादी, आरसीआरचा मध्यक आणि निवडक निबंधांवरच्या ओळी जोडा. स्रोत आणि तारीख नसलेला आकडा कोणत्याही कागदावर जाऊ देऊ नका, कारण दोन महिन्यांनी समिती तपासायला बसेल तेव्हा आकडा बदललेला असेल आणि फरकाचे कारण सांगायला तुम्ही तिथे नसाल.

ज्या पानावरून आकडे घेतले, त्याची तारखेसह पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा. गोषवाऱ्याच्या तळाशी संशोधकाची सही घ्या. यादी आपली आहे हे त्यांनी स्वतः वाचून सांगितलेले बरे. एक प्रत ग्रंथालयात आणि एक संशोधकाकडे राहिली की पुढच्या अर्जाच्या वेळी नव्या निबंधांच्या ओळी जोडून फक्त आकडे बदलावे लागतात.